पेटीतला फेटा

येरमाळ्याच्या स्टँडसमोर योगीराजचं फेट्याचं दुकान आहे. तिथं बसून पावसापाण्यावर बोला, राजकारणावर बोला, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं ते बोला, योगीराज तोंडात पान धरून ऐकून घेतो. मात्र दोन गोष्टी काढायच्या नाहीत, हे साऱ्या बाजारपेठेला ठाऊक होतं. एक रेडिमेड फेटा आणि दुसरा कुलदीप. रेडिमेड फेट्यावर तो चार शिव्या हासडून मोकळा तरी व्हायचा. कुलदीपचं नाव निघालं की बाहेर जाऊन पान थुंकायचा आणि परत येऊन गप्प बसायचा. ते गप्प बसणं शिव्यांपेक्षा वाईट असायचं.

खो-खो आणि कबड्डीच्या या मुलखात फुटबॉल आणला तो डाळमिलवाल्या शरणबसप्पा शेठनं. पोरांना महिन्याचा पगार, राहायला खोल्या, बाहेरून आणलेला कोच आणि राज्याच्या लीगमध्ये अगदी तळाच्या गटात नाव लागलं, बालाघाट फुटबॉल क्लब. लोकांनी आधी यथेच्छ टिंगल केली. पहिल्या हंगामात मैदानाच्या कडेला माणसांपेक्षा शेळ्या जास्त असायच्या, आणि आपल्या जाळ्यात बॉल इतक्या वेळा जायचा की शेवटी शेवटी गोलकीपर वळूनसुद्धा बघत नसे. योगीराज मात्र पहिल्या सामन्यापासून हजर. ऐन लग्नसराईत सामना असला तरी दुकानाला कुलूप. मग टीम सुधारली, दुसऱ्या गटात आली, तिथंही भल्याभल्यांना पाणी पाजायला लागली. एस.टी.चे ड्रायव्हर खिडकीतून मुंडी काढून विचारायला लागले, "काय झालं बालाघाटचं?"

हे सगळं झालं ते कुलदीपमुळं, आणि योगीराजच्या पोटात दुखायचं ते नेमकं इथं. परंड्याचं पोरगं. बाप नाही, आई धुरपदाबाई किल्ल्याच्या बाजूला भाजी विकायची. पोरगं बारीक, पण बॉल पायात आला की समोरच्याला कळायच्या आत गेलेला. सामन्याच्या आदल्या दिवशी ते योगीराजच्या घरी जेवायला असायचं. योगीराजची बायको मथुराबाई त्याला हुलग्याचं माडगं करून घालायची आणि योगीराज समोर बसून, उद्याच्या टीमचा कोणता बॅक कोणत्या पायानं अधू आहे ते समजावून सांगायचा. पोटच्या पोराला नसतं सांगितलं इतकं सांगायचा.

आता योगीराजच्या धंद्याचा एक कायदा सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्याच्या दुकानात लोखंडी पेटी आहे. त्या पेटीतले फेटे लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्यानं जायचे. पण सत्काराला पेटीतला फेटा तो कधीच काढत नसे. ज्याचा सत्कार असेल त्याच्यासाठी त्याच आठवड्यात रंगवलेलं कोरं कापड पाहिजे. "पेटीतल्या फेट्यानं डोकं झाकतं, मान मिळत न्हाय," असं तो म्हणायचा. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याच्या सत्काराला रंगवलेलं कापड ओलं राहिलं, तर यानं पुढाऱ्याला बोडक्या डोक्यानं स्टेजवर बसवून ठेवलं आणि कापड वाळल्यावरच बांधलं. ती गोष्ट तालुक्यात अजून सांगतात.

दोन वर्षांपूर्वी बालाघाटनं नांदेडच्या संघाला हरवलं असतं, तर टीम पहिल्या गटात गेली असती. योगीराजनं कुलदीपसाठी फेटा रंगवला. हळदीसारखा पिवळा, काळा काठ, क्लबचे रंग. सामन्याच्या सकाळी तो फेटा बगलेत घेऊन स्टँडवर उभा राहिला, कारण कुलदीप आईला भेटून परंड्याहून यायचा होता. पहिली गाडी आली, दुसरी आली. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरनं खाली उतरून सांगितलं, "नाना, नका वाट बघू. ते पोरगं काल सोलापूरवाल्यांच्या गाडीत बसून गेलं."

सोलापूरच्या भीमा युनायटेडनं दुप्पट पगारावर त्याची सही घेतली होती. लीगच्या नियमात ते बसत होतं. योगीराजच्या नियमात बसत नव्हतं. संध्याकाळी बालाघाट चार गोलांनी हरलं, आणि योगीराजनं तो पिवळा फेटा घडी करून पेटीत टाकला, वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्या आणि झाकण असं आपटलं की शेजारचा चहावाला दचकला. त्या दिवशी त्याच्या मनात एकच गोष्ट बसली. या पोराला आपण असं पाडायचं की पुन्हा उठता कामा नये.

सुरुवात त्यानं आईपासून केली. चैत्राच्या यात्रेला धुरपदाबाई डोंगरावरच्या येडाईच्या दर्शनाला आली, तेव्हा दुकानाच्या पायरीवरून योगीराजनंच पहिली आरोळी ठोकली, "गद्दाराची आई आली बघा!" बाकीच्या दुकानांनी ती उचलली. बाई पदर डोक्यावरून पुढं ओढून, डोंगर न चढताच माघारी गाडीत बसली. त्यानंतर ती येरमाळ्याला आली नाही.

मथुराबाईनं त्या रात्री नवऱ्याला ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "बाईनं काय केलं व्हतं तुमचं?"

"गद्दार तिनंच घातला ना जन्माला?" योगीराज म्हणाला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

यंदा पुन्हा तोच योग आला. हंगामाचा शेवटचा सामना, येरमाळ्याच्या मैदानावर, जिंकलं तर पहिला गट. आणि समोर कोण, तर पहिल्या गटातली जागा आधीच पक्की केलेली भीमा युनायटेड. कुलदीप तिकडं गोलांवर गोल मारत होता. गावातल्या पोरांनी अंडी, टमाटे, जुन्या चपला असली तयारी सुरू केली. योगीराजनं सगळ्यांना दुकानात बोलावून झापलं.

"दगडं मारून काय व्हतंय? चार शिव्या खाईल आन् दोन गोल जास्त मारील. त्याचा सत्कार करायचा."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. नाना पिऊन आले की काय, असंही एकाच्या मनात आलं.

पण योगीराजनं सामने नुसते बघितले नव्हते, माणसं बघितली होती. भीमा युनायटेडचा कोच गोव्याचा, महाकडक आणि महासंशयी. मागच्या हंगामात त्याच्या गोलकीपरनं सामन्याआधी समोरच्या टीमच्या मॅनेजरबरोबर बसून चहा घेतला, तर यानं त्याला तीन सामने बाकावर बसवलं होतं. योगीराजनं ते मोबाईलवर पाहिलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. आता एका कपभर चहानं ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याच्यापुढं आपण हलगी, हार, शाल, नारळ आणि फेटा उभा केला तर? आपल्याकडं सत्कार म्हणजे रोजचंच. सरपंचाचा मेव्हणा पास झाला तरी सत्कार होतो. गोव्याच्या माणसाला ते कुठून कळायचं? आणि कुलदीपला उठून जाता येणार नाही. शाल घेऊन आलेल्या माणसाला आजवर आपल्या भागात कुणी नाही म्हटलेलं नाही.

वरून एक खिळा ठोकला. धुरपदाबाईला स्वतः फोन केला.

"आक्का, आमी सगळं इसरलो. तुमच्या लेकराचा मान करायचाय. तुमी पायजेतच."

पलीकडं तराजू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाली, "दादा, खरंच का?" आणि रडायला लागली. योगीराजनं फोन ठेवला. त्याला रडण्याचं काही वाटलं नाही. आई समोर खुर्चीवर बसली की पोरगं स्टेजवरून हलत नाही, एवढंच त्याला हवं होतं.

फेटा कोणता बांधायचा, याचा विचार त्यानं क्षणभरही केला नाही. पेटी उघडली, तो पिवळा फेटा काढला, झटकला. डांबरगोळ्यांचा वास दुकानभर झाला. या बेइमानासाठी कोरं कापड? ज्या फेट्याला त्यानं लाथ मारली तोच फेटा त्याच्या डोक्यावर चढवायचा आणि त्याच फेट्यानं त्याला गाडायचं. या कल्पनेनं योगीराज इतका खूश झाला की त्यानं चहावाल्याला स्पेशल चहा सांगितला.

सामन्याच्या दिवशी भीमाची गाडी आली ती बिचकतच. खिडक्या बंद, पोरं आत दबून. बाहेर बघतात तर हलग्या कडाडतायत आणि माणसं हार घेऊन उभी. कुलदीपला खांद्यावर उचलून स्टेजवर नेलं. आणि मग सुरू झालं. डाळमिलतर्फे, व्यापारी संघातर्फे, तरुण मंडळातर्फे, दुसऱ्या तरुण मंडळातर्फे. शालीवर शाल, नारळावर नारळ. प्रत्येकजण मिठी मारायचा आणि कानात काहीतरी बोलायचा, कारण योगीराजनं तसं बजावलं होतं. "काय बी बोला. जेवला का इचारा. पण कानात बोला." खाली गोव्याचा कोच हाताची घडी घालून उभा होता. त्याची टीम उन्हात पळून अंग मोकळं करत होती, आणि त्याचा सगळ्यात महागाचा खेळाडू शत्रूच्या गळ्यात पडत होता.

पुढच्या रांगेत धुरपदाबाई बसली होती. मथुराबाईनं तिची ओटी भरली होती आणि बाईनं ती ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

शेवटी योगीराज फेटा घेऊन चढला. पहिला वेढा कपाळावर बसला तसं कुलदीपनं हुंगल्यासारखं केलं आणि मान वळवून योगीराजकडं एकदा नीट बघितलं. मग समोर आईकडं बघितलं. मग मान सरळ धरली. योगीराजनं फेटा जरा जास्तच आवळला, तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला आणि माईक हातात घेतला.

"अंगात जर्सी सोलापूरची आसली तरी लेकरू आपलंच हाय! आज ते आपल्या मातीला जागल्याबिगर राहणार न्हाय!"

लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. "आई येडेश्वरीचा उदो उदो!" कुलदीप वाकून योगीराजच्या पाया पडला. कोचनं शेजारच्या सोलापूरच्या माणसाला काहीतरी विचारलं आणि त्या भल्या माणसानं शब्दन् शब्द इंग्रजीत करून सांगितला.

टीम मैदानात उतरली तेव्हा कुलदीप बाकावर होता.

योगीराज कडेच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि त्यानं डोळे भरून ते बघून घेतलं. कोचनं काढायला लावलेला फेटा कुलदीपच्या मांडीवर होता. पोरगं मैदानाकडं बघत होतं, पाय एकसारखा हलत होता. पहिला अर्धा वेळ गेला, गोल नाही. दुसरा अर्धा निम्मा गेला. भीमाचे लोक ओरडायला लागले, कुलदीपला आत सोडा. कोचनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. योगीराजच्या अंगावर गार वारा फिरल्यासारखं झालं. तळमळ, लेका. मी स्टँडवर असाच तळमळलो होतो.

आणि एकाएकी आजूबाजूची सगळी माणसं हवेत उडाली. कुणीतरी योगीराजच्या गळ्यात पडलं, कुणाचा तरी कोपर त्याच्या तोंडात बसला. बालाघाटच्या सिद्धेश्वरनं कॉर्नरवर डोकं लावून गोल केला होता. बालाघाट एक, भीमा शून्य, आणि तो तसाच राहिला. बालाघाट पहिल्या गटात गेलं.

ज्या गोलासाठी योगीराजनं इतक्या हंगामांत घसा फोडला, उन्हं खाल्ली, गिऱ्हाईकं गमावली, तो गोल त्यानं बघितलाच नाही. तो बाकाकडं बघत होता. रात्री पोरांनी दहा वेळा मोबाईलवर दाखवला, पण ते मोबाईलवर. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही, आणि याचंही खापर त्यानं मनातल्या मनात कुलदीपच्याच डोक्यावर फोडलं.

आठवड्याभरानं बातमी आली. भीमा युनायटेडनं कुलदीपला काढून टाकलं. सामना विकला, असं उघड कुणी म्हटलं नाही, पण मोबाईलवर सगळीकडं तेच फिरत होतं. दुसऱ्या कोणत्या क्लबनं त्याचा फोन उचलला नाही. योगीराजनं स्टँडभर पेढे वाटले.

"कशाचं पेढं?" मथुराबाईनं विचारलं.

"टीम वर गेली त्याचं."

"टीम जाऊन आठ दिस झाले. तवा न्हाय वाटलं."

योगीराजनं पेढ्यांचा रिकामा पुडा चुरगाळून रस्त्यावर फेकला.

आता खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण योगीराजचा सत्कार एवढा झकास झाला होता की तो लोकांना खरा वाटला. "पोरगं मातीला जागलं बरं का," असं जो तो म्हणायला लागला. सोलापूरवाले कुलदीप विकला गेला म्हणतायत, तर म्हणू दे, आपल्यासाठीच विकला गेला ना! ज्या पोरांनी चपला जमवल्या होत्या, त्यांनी कुलदीपचा फोटो लावलेला बोर्ड चौकात टांगला. आणि एक दिवस शरणबसप्पा शेठ स्वतः दुकानाच्या पायऱ्या चढून आले.

"योगीराज, कुलदीपला परत घेतोय आपण. पहिल्या गटात गोल मारणारा पाहिजे. मी जरा कचरत होतो, पण म्हटलं, योगीराजनं चारचौघांत माफ केलं, तिथं आपण कोण? रविवारी मैदानावर कार्यक्रम. फेटा तूच बांधायचा."

नाही म्हणायला योगीराजला तोंड राहिलं नव्हतं. माईकवर तोच बोलला होता. शेठ गेल्यावर त्यानं हातातली कात्री भिंतीवर फेकून मारली. पाडायला निघालो, आणि आपल्याच हातानं खांद्यावर बसवलं! आठवडाभर त्यानं रंगाच्या पातेल्याला हात लावला नाही. रविवारी सकाळी पेटी उघडली आणि पुन्हा तोच पिवळा फेटा काढला. सामन्यानंतर बाकावर पडलेला तो फेटा पोरांनी आणून दिला होता. एवढी तरी आग त्याला बाहेर काढायची होती. मथुराबाईनं बघितलं आणि आपली पिशवी उचलून मागोमाग निघाली.

मैदान तुडुंब भरलं होतं. पुढच्या रांगेत धुरपदाबाई होती. पण या वेळी मान खाली. बाजूला रिकाम्या खुर्च्या असूनही ती टोकाच्या खुर्चीवर अंग चोरून बसली होती.

योगीराज वेढे द्यायला लागला. हलग्या वाजत होत्या, त्यामुळं कुलदीप बोलला ते फक्त त्यालाच ऐकू आलं.

"नाना, वास आजून गेला न्हाय."

योगीराजचे हात थांबले.

"त्या दिवशी बी वासावरनंच कळलं मला. तुमी सत्काराला पेटीतला फेटा बांधत न्हाय. तुमच्या घरी एवढं जेवलो, एवढं बी कळणार न्हाय का?"

"मंग फेकून का न्हाय दिलास?"

"आई बघत व्हती ना. दोन वर्सांनी ती येडाईला आली व्हती. तुमी माफ केलं म्हणून सकाळीच डोंगर चढून आली." कुलदीपनं मान हलवली नाही, फेटा बांधून घेणारा माणूस बसतो तसा ताठ बसून राहिला. "म्या तुम्हाला सोडून गेलो, त्येचं उट्टं तुमी काढलं. माझं काय म्हणणं न्हाय. पण परंड्यात आता तिला इचारतेत, लेकानं सामना कितीला इकला. भाजी घ्यायला येतेत आन् इचारतेत. बांधा नाना, लोकं बघायलेत."

योगीराजला संताप आला, भयंकर संताप आला. या पोरावर धड राग धरायचीसुद्धा सोय राहिली नव्हती. त्यानं खाली बघितलं. धुरपदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि उलगडत होती. यात्रेच्या दिवशी गाडीत बसतानाही ती हेच करत होती, ते त्याला आत्ता आठवलं.

त्यानं फेटा उलटा फिरवायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा वेढा. भरल्या सभेत डोक्यावरचा फेटा उतरवतात तो माणसाला नागवं करायला. हलग्या आपोआप बंद पडल्या. शेठ खुर्चीतून अर्धे उठले. धुरपदाबाई पूर्ण उभी राहिली आणि तिच्या हातातला पदर सुटला.

योगीराजनं तो पिवळा गोळा एका हातात वर धरला आणि दुसऱ्या हातानं माईक घेतला.

"ह्यो फेटा पेटीतला हाय," तो म्हणाला. "दोन वर्सं डांबरगोळ्यांत पडला व्हता. सामन्याच्या दिवशी बी म्या ह्योच बांधला व्हता."

बस्, एवढंच. त्याला पुढं बोलावं लागलं नाही. त्या मैदानावर असा एक माणूस नव्हता ज्याला योगीराजचा कायदा माहीत नव्हता. पेटीतला फेटा म्हणजे सत्कार खोटा. सत्कार खोटा म्हणजे कानातलं बोलणं खोटं, माती खोटी, सगळंच खोटं. पोरानं काही विकलं नव्हतं. ते समजत समजत मागच्या रांगेपर्यंत गेलं, आणि मग सगळ्या मैदानाचे डोळे योगीराजवर येऊन थांबले. चौकात बोर्ड टांगणारी पोरं त्याच्याकडं अशी बघत होती की त्याला वाटलं, आता जमवलेल्या चपला बाहेर निघतात.

मथुराबाई पायऱ्या चढून स्टेजवर आली. तिनं पिशवीत हात घातला आणि कापड काढून नवऱ्याच्या हातात दिलं. हळदीसारखं पिवळं, काळ्या काठाचं, कोरं. तिच्या नखांत अजून रंग होता.

योगीराजनं तिच्याकडं बघितलं नाही. त्यानं कुलदीपच्या डोक्यावर पहिला वेढा टाकला. या वेळी आवळला नाही.

"वीस गोल पायजेत," तो दात आवळून त्याच्या कानात म्हणाला. "आन् त्यातलं दोन सोलापूरला. तो गोवेकर बाकावर बसून रडला पायजे. न्हाईतर ह्यो जुना फेटा आजून माझ्याकडंच हाय."

"सोलापूरला तीन मारतो, नाना," कुलदीप म्हणाला.

योगीराजनं तुरा काढला, शेमला नीट केला आणि माईक ठेवून खाली उतरला. धुरपदाबाई समोरच उभी होती. तिला काय म्हणावं हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं तिची टोकाची खुर्ची उचलली, आणली आणि रांगेच्या बरोबर मध्यावर ठेवली. बाई बसली. पण बसताना तिनं तोंड कुलदीपकडं केलं, योगीराजकडं नाही.